जत्रेच्या लिलावात मी कोकरू कसं घेतलं

व्हिलो क्रीक, साउथ डकोटा
ऑगस्टचा शेवटचा सोमवार, १९७९

तीर्थस्वरूप आर्डिस वन्संना,

लॅव्हॉनचा मनापासून नमस्कार. प्रभूच्या दयेने इथे सगळे हिंडते-फिरते आहोत. तुम्ही आणि भावोजी त्याच दयेने बरे असाल अशी रोज निजताना प्रार्थना करते (भावोजींच्या गुडघ्याचं वेगळं नाव घेते. डावा की उजवा ते विसरले, म्हणून दोन्हींसाठी मागते, जास्त झालं तर देव कापून घेईल). तुम्ही ॲरिझोनाहून पाठवलेली खजुराची पेटी पोचली. खजूर फार गोड निघाला. अर्धा केकमध्ये घातला, अर्धा नाताळासाठी दडवून ठेवला आहे, आणि बिया परसात लावल्या आहेत. साउथ डकोटात खजूर उगवणार नाही हे मलाही कळतं, पण टाकवेनात.

रॉइसने तुम्हाला फोन केलाच असेल, आणि आईच्या डोक्याचं काहीतरी बिनसलंय असं सांगितलं असेल. पोटचा मुलगा आहे, त्याला बोलायचा हक्क आहे. पण फोनवर माणसाचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि घाईघाईत सांगितलेली गोष्ट असते त्यापेक्षा वेडी वाटते. म्हणून मी नीट बसून लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला कळेल की जे झालं त्यात वेडेपणा काही नव्हता, नुसता उकाडा होता.

ते कोकरू तुम्ही पाहिलेलं आहे. एप्रिलात ह्यांच्या अंत्यविधीला आलात तेव्हा स्वयंपाकघरात तुमच्या काळ्या स्कर्टची किनार चघळत होतं तेच. फेब्रुवारीच्या बर्फात झालेलं, आईने टाकलेलं, गारठून लाकूड झालेलं. ह्यांनी ते कोटाच्या आत घालून आणलं आणि माझ्या ओव्हनचं दार उघडून त्या दारावर पोत्यात गुंडाळून ठेवलं. (आत माझा पाव होता. तो पाव बसला. मी दोन दिवस बोलले नाही. आता वाटतं, त्या दोन दिवसांत बोलायला हवं होतं.) मेंढ्या व्यायच्या हंगामात ह्यांनी ओढून बाहेर काढलेलं ते शेवटचं. त्यानंतर ह्यांना छातीच्या दुखण्यामुळे गोठ्यापर्यंत जाणं जमलं नाही, आणि पुढे खाटेवरून उठणंही.

कोकरू ह्यांनी रॉइसच्या जॅनेलला दिलं, पोरांच्या शेती-क्लबसाठी. तिचं तेरावं वर्ष, म्हणजे बाजाराचं जनावर पाळायचं हे तिचं पहिलंच वर्ष. तशी आपल्या घरातली ही रीत तुम्हाला मी काय सांगावी! वसंतात कोकरू घ्यायचं, उन्हाळाभर खाऊ-पिऊ घालून हिंडवायचं, जत्रेत रिंगणात दाखवायचं, आणि शेवटच्या संध्याकाळी लिलावात विकून कत्तलखान्याच्या ट्रकवर चढवायचं. एकदा बाजाराच्या वर्गात नाव घातलं की ट्रक चुकत नाही, मग घेणारा कुणीही असो. तुम्ही दोघं भावंडं त्यातूनच गेलात. पहिल्या वर्षी तुम्ही ट्रकच्या मागे रस्त्यापर्यंत धावलात आणि ह्यांनी तुम्हाला वेणीला धरून परत आणलं, हे ह्यांनी मला लग्नाआधी सांगितलं होतं (तुमच्याबद्दल मला कळलेली ती पहिली गोष्ट, राग मानू नये).

तर ह्यांनी जाण्याआधी मला एक काम लावून दिलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "लॅव्हॉन, पोरीचं पहिलं कोकरू आहे. लिलावाच्या दिवशी ती मोडून पडता कामा नये. तिला सोडून द्यायला शिकव." मी म्हटलं, शिकवते. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण शब्द दिला म्हणजे दिला. म्हणून या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: ऑगस्टच्या त्या संध्याकाळी जॅनेल रिंगणातून कोरड्या डोळ्यांनी बाहेर आली पाहिजे. बाकीचं सगळं मग.

जूनमध्ये शाळा सुटताच ती बाडबिस्तरा घेऊन माझ्याकडे राहायला आली, कोकरू माझ्याच गोठ्यात होतं म्हणून. मी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माया लागते. ती म्हणाली, "नाव कशाला आजी, कानात नंबर आहे की." मला समाधान वाटलं. शिकवणीला चांगली सुरुवात झाली.

क्लबची कामं तर उन्हाळाभर होतीच. पाव करण्याचा वर्ग माझ्याकडे असतो. यंदा सहा मुली आणि हेगस्टाडांचा धाकटा (तो कणीक मळतो की कणकेला मारतो ते अजून ठरलेलं नाही). जूनच्या प्रात्यक्षिक स्पर्धेत जॅनेलने बटाटे उकडलेल्या पाण्यात पाव कसा भिजवावा ते करून दाखवलं. छान बोलली, हात स्वच्छ, पाव उंच. परीक्षकबाईंनी विचारलं की बटाट्याचंच पाणी का. उत्तरात पिठाला त्याने काय होतं ते सांगायचं, हे मी घोकून घेतलं होतं. पोरगी म्हणाली, "कारण आजी ते टाकत नाही. आजी काहीच टाकत नाही." सगळं सभागृह हसलं. पहिलं बक्षीस मिळालं, त्यामुळे मला रागावताही येईना.

त्याहून वाईट म्हणजे जनावरं पारखण्याची स्पर्धा. चार मेंढ्या उभ्या करतात, त्यांचे नंबर लावायचे आणि का लावले ते परीक्षकापुढे ताठ उभं राहून तोंडी सांगायचं. त्यात एक अट असते. खालच्या नंबरच्या मेंढीतही चांगलं काय आहे ते "मी मान्य करते" असं म्हणून कबूल करावं लागतं. आता रोज सरावाला चार मेंढ्या कुठून आणणार? पोरीने चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावरच्या चार बायका घेतल्या. प्रवचन चालू असताना माझ्या कानात, "मी पहिल्या बाईंना दुसऱ्यांच्या वर ठेवते, कारण त्यांची पाठ सरळ आहे. मी मान्य करते की दुसऱ्या बाई मागून जास्त भरलेल्या आहेत." मी तिला चिमटा काढला. पण स्तोत्राला उठलो तेव्हा बघितलं, वन्सं, तिचं बरोबर होतं.

जुलैत ती आठवडाभर तळ्याकाठच्या शिबिराला गेली. तिथे होड्या वल्हवणं, झाडांची पानं ओळखणं, शेकोटीपुढे गाणी आणि रोज कच्चट पॅनकेक. जाताना मला सांगून गेली की संध्याकाळी त्याला दावं लावून कुंपणाच्या कडेने ओढ्यापर्यंत फिरवून आणायचं, म्हणजे मांड्या भरतात. मी म्हटलं, माझ्याने मेंढरामागे हिंडवणार नाही. पण शब्दाला बांधलेली. पहिल्या संध्याकाळी मी गप्प चालले आणि तेही गप्प चाललं. तुम्हाला ठाऊक आहे, ह्याच वेळेला, जेवणं झाली की, आम्ही दोघं त्याच वाटेने फिरायला जात असू. मी दिवसाचा हिशेब सांगायची, अंडी किती गेली, साखर किती उरली, आणि हे "हं" म्हणायचे. दुसऱ्या संध्याकाळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, की साखर महागली. आणि कोकराने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि नाकातून आवाज केला. ह्यांच्यापेक्षा जास्तच लक्ष होतं म्हणायचं.

मग काय, रोजच सुरू झालं. पोरगी शिबिराहून परतली तरी संध्याकाळची फेरी माझ्याकडेच राहिली (मी म्हटलं, तू दमली असशील). मी त्याला छपराची गळती सांगितली, पाळकांच्या बायकोने दिलेला शिळा केक सांगितला, एप्रिलपासून कुणालाच न सांगितलेल्याही दोन-चार गोष्टी सांगितल्या. नाव मी ठेवलं नाही, वन्सं. नियम म्हणजे नियम. मी त्याला फक्त "अहो" म्हणत होते.

एवढं झाल्यावर देवापुढेही विषय काढला. पण कोकरासाठी रदबदली करायची तर पंचाईत अशी, की त्याच्याच पुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत कोकरांचं काय होत आलंय ते आपण दोघी रविवारच्या शाळेपासून जाणतो. म्हणून मी नुसतं पोरीचे डोळे कोरडे राहू देत एवढंच मागितलं. आता लक्षात येतं की मागताना माणसाने कोणाचे डोळे ते नीट सांगावं.

जत्रा भरली. ऊन असं की पत्र्याखाली पेस्ट्रीतलं लोणी वितळलं. रिंगणात पोरं कोकरांच्या हनुवट्या धरून ओळीने उभी. दावं चालत नाही, नुसत्या हातावर. आमचं कोकरू पुतळ्यासारखं उभं होतं. परीक्षक, बाहेरच्या जिल्ह्यातला एक उंच माणूस, त्याच्या पाठीवर हात ठेवून खूश दिसत होता. तेवढ्यात माझ्या शेजारी बियाण्यांच्या दुकानाचे मायलो हेगस्टाड येऊन बसले, निम्मा बाक व्यापून. मी साधं म्हटलं, "अहो मायलो, जरा सरकता का?" झालं. रिंगणात कोकराचे कान उभे. माझा आवाज, माझा "अहो"! ते निघालं ते सरळ बाकांच्या दिशेने, जॅनेल हनुवटीला लोंबकळत मागे फरफटतेय, आणि कठड्यातून डोकं घालून माझ्या गुडघ्यावर तोंड ठेवून उभं राहिलं. लोक हसले. परीक्षक जवळ येऊन म्हणाला, "जनावर उत्तम आहे, पण याच्याशी कोणीतरी बोलत बसलंय." दुसऱ्या दर्जाची लाल फीत मिळाली. जॅनेलने माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं रागावली. रागावलेली नव्हती, हे मला पुढे कळलं.

संध्याकाळी लिलाव. बोली पुकारायला कर्नल डेल्बर्ट क्राउझ (लढाई बघितलेली नाही, पण लिलाव पुकारणाऱ्याला कर्नल म्हणायची आपली रीत. माझ्याच वर्गात होता, पाढे येत नव्हते). सगळं ठरलेलं होतं. जॅनेलने रीतीप्रमाणे मायलोंना आधी पत्र लिहून लिलावाचं आमंत्रण दिलं होतं, मायलोंनी कोकरू घ्यायचं कबूल केलं होतं, आणि त्यांना आभारादाखल द्यायची ॲपल पाय मी भाजून ठेवली होती. घरच्यांनी आपल्याच पोराच्या जनावरावर बोली करायची नसते, हे मला शिकवायला नको. मी फक्त बसायचं होतं आणि पोरीकडे लक्ष ठेवायचं होतं.

माझ्या हातात कागदी पंखा होता, ह्यांच्या अंत्यविधीत सगळ्यांना वाटला होता तोच, काडीवर चिकटवलेला, त्यावर उत्तम मेंढपाळ प्रभू कोकरू खांद्यावर घेऊन उभा. माश्या फार होत्या. जॅनेल कोकरू घेऊन रिंगणात आली, कर्नलने तोंड सोडलं, मायलोंनी टोपीला हात लावून पहिली बोली दिली, आणि मी माशी हाकलली. कर्नलच्या माणसाने माझ्याकडे बोट करून "हो!" म्हणून आरोळी ठोकली. मायलोंनी वाढवली. मी पुन्हा माशी हाकलली. पुन्हा "हो!" तिसऱ्या वेळी कर्नल थांबला आणि भोंग्यातून सगळ्या जिल्ह्यापुढे म्हणाला, "लॅव्हॉन, अगं नातीचंच कोकरू आहे ते! माश्या मारतेस की बोली करतेस?" सगळे वळून बघायला लागले. मायलो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, मी घेतोय ना, मग तुम्ही कशाला?" मी उत्तर देणार होते. पण शब्दांआधी पंखा हलला. मायलोंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग टोपी डोक्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली. पुढे बोली केली नाही.

रक्कम लिहीत नाही. रॉइसने सांगितली असेलच, आणि त्याने दोनदा सांगितली असेल. वहीत ती कोणत्या खात्याला टाकावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. किराण्यात बसत नाही, धर्मादायातही बसत नाही.

विकलेल्या कोकराच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ मारतात. ती मारली. मागच्या अंगणात ट्रक फळी लावून उभा होता. पोरं आपापल्या जनावरांच्या गळ्यात पडून रडत होती. हेगस्टाडांचा धाकटा तर डुकराला मिठी मारून खाली बसला होता. आणि आमची जॅनेल! तिने कोकराच्या हनुवटीखाली खाजवलं, कपाळाला कपाळ लावलं, त्याला फळीवरून वर नेलं, दार लावायला ट्रकवाल्याला मदत केली आणि हात झटकून परत आली. डोळे कोरडे ठणठणीत. जे मला शिकवायचं होतं ते सगळं तिला येत होतं.

मी पिकअपमध्ये जाऊन बसले होते. कशी ते लिहीत नाही. पंख्याची काडी मोडली होती आणि मी नाक पुसायला काही सापडत नाही म्हणून खजुराच्या पेटीतला कागद वापरत होते (इस्त्री करून पर्समध्ये ठेवला होता, म्हटलं ना, मी काही टाकत नाही). पोरगी येऊन शेजारी बसली. लिंबाचं सरबत आणलं होतं, एकच पेला, दोन नळ्या. सरबत अर्धं संपलं. मग मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी मला सांगितलं होतं, पोरीला सांभाळ. आणि बघ, मीच."

ती म्हणाली, "मलाही सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. म्हणाले, लिलावाच्या दिवशी आजी मोडून पडेल. ती कबूल करणार नाही. तू तिच्याजवळ राहा, आणि आधी रडू नकोस, नाहीतर ती तुलाच बघत बसेल."

वन्सं, तुमचा भाऊ आयुष्यभर मोजून बोलला. सगळ्यांना वाटायचं, त्यांना फक्त मेंढ्यांतलं कळतं.

मग जॅनेल नीट ताठ बसली, परीक्षकापुढे उभी राहते तशी, हात पाठीमागे. "मी आजीला पहिला नंबर देते," म्हणाली. "मी मान्य करते की ती रिंगणात कोकराला बिघडवते आणि लिलावात स्वतःच्याच नातीच्या कोकरावर बोली लावते. पण चालायला खंबीर आहे, आणि संध्याकाळी रोज फिरते." आणि मग, एवढं झाल्यावर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मी तिला रडू दिलं. लिलाव संपलेला होता, शब्द मोडत नव्हता.

परवा ती शाळेसाठी गावात परत गेली. घर फार नीटनेटकं राहतं आहे. भावोजींना माझा नमस्कार, गुडघ्यावर एरंडेलाचा बोळा ठेवायला सांगावं. लोभ आहे तो राहू द्यावा.

तुमची
लॅव्हॉन

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. देवाची रोज प्रार्थना करणाऱ्या बाईने असत्य पाकिटात घालून वर तिकीट लावू नये, म्हणून लिहिते. माश्या नव्हत्या. त्या संध्याकाळी वारा होता, एकही माशी नव्हती. ट्रक चुकणार नाही हेही मला ठाऊक होतं. फक्त ते कोकरू, मायलो आपल्या गिऱ्हाइकांना देतात त्या मेजवानीत, टोमॅटोच्या सॉसमध्ये बुडून, अनोळखी माणसांच्या ताटात जावं हे मला बघवेना. एवढंच. रॉइसला सांगू नये, त्याला माश्यांचं पटलं आहे.

आणखी एक. खरं पत्र लिहिलं ते याच्यासाठी. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी कत्तलखान्यातून खाटीक क्लॅरेन्सचा फोन आला. घेणारी मी, म्हणून कसं कापायचं ते मीच सांगायचं. म्हणाला, तुकडे किती जाड? मी म्हटलं, अंगठ्याएवढे, ह्यांना आवडायचे तसे. मग म्हणाला, "आणि वहिनी, एका पुडीत किती माणसांचं बांधू?" माझ्या तोंडून गेलं, "दोघांचं." सवयीने गेलं. त्याने फोन ठेवला आणि मी नंतर दुरुस्त करायला पुन्हा फोन केला नाही. आता फ्रीजर भरला आहे, पांढऱ्या कागदाच्या पुड्या, सगळ्या दोघांच्या. टाकता येत नाही, एकटीने उघडवत नाही. ऑक्टोबरात थंडी पडली की या, वन्सं. भावोजींना आठवडाभर शेजाऱ्यांकडे जेवू द्या. पाव मी बटाट्याच्या पाण्यात भिजवीन. येताना खजूर आणू नका.